पुण्यतर : नाशिकचे लेणे, चिंचणीचा ताम्रपट आणि एक शिवलेले जहाज

29 डिसेंबर 2025 रोजी गुजरातमधील पोरबंदरहून एक जहाज निघाले आणि जानेवारीच्या मध्यावर ओमानच्या मस्कत बंदरात पोचले. एवढ्या प्रवासाची बातमी व्हावी असे त्यात काही नव्हते. पण या जहाजाला इंजिन नाही. ते चौकोनी शिडांवर चालते, सुकाणूऐवजी मागच्या बाजूला मोठी वल्ही आहेत आणि त्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत. काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवल्या आहेत. भारतीय नौदलाच्या या जहाजाचे नाव 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातील जहाजावरून ते बांधले गेले.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ही बातमी मला मोबाइलवर पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली : 'हा आमचा समुद्र. तुम्ही लोक नंतर आलात.' गृहस्थ वाईट नाहीत. ईदला घरी येतात, शीरखुर्मा मागून घेतात. म्हणूनच ती ओळ जास्त लागली. अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते. शिवरायांच्या आरमारातल्या दौलतखानाचे नाव पुढे करायचे, दर्यासारंग म्हणायचे आणि निष्ठेचा दाखला दिल्यासारखे गप्प बसायचे. दौलतखान खराच होता आणि त्याचा अभिमानही खरा आहे. पण दर वेळी दाखला काढून दाखवावा लागतो, याचा आता कंटाळा आला आहे. म्हणून या वेळी मी दुसरीकडून सुरुवात केली. नावा बांधणारे कोण, त्या कोणासाठी बांधल्या गेल्या, आणि आमच्या नाशिकच्या दगडात त्याबद्दल काय कोरले आहे, याचा शोध घेतला. हा लेख म्हणजे त्या ओळीला दिलेले उत्तर आहे. जरा लांबले आहे, पण मुद्दाच तसा आहे.

चित्रावरून जहाज

कौंडिण्य गोव्यात होडी इनोव्हेशन्स या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाले. केरळचे निष्णात कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी फळ्या शिवत होते. मापाचा आराखडा कुठेच उपलब्ध नव्हता. हाताशी होते ते भिंतीवरचे चित्र, आणि चित्रकाराने ते जहाज जलप्रवासासाठी काढले होते, बांधणीसाठी नव्हे. चित्रावरून आकार ठरवणे, तो पाण्यात तरेल का हे प्रतिकृतीवर तपासणे, मग फळी वाकवणे, असा तो उलटा प्रवास होता. फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज पाण्यात उतरले आणि 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाले.

दांडेकरांच्या वाट्याला असे न केलेले काम पहिल्यांदा आले नव्हते. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात एका भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी असे होते. नौदलातले दिलीप दोंदे त्यासाठी पुढे आले आणि मांडवीतल्या दिवार बेटावर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली. अशी बोट त्या कारखान्यात आधी बांधलेली नव्हती आणि दोंद्यांनीही अशी सफर केलेली नव्हती. दोघेही काम करता करता शिकत गेले. ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात दोंदे जगाला वळसा घालून मुंबईला परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

नाव बांधण्याच्या इतिहासात या हौशी माणसाला, म्हणजे परंपरेने सुतार नसलेल्या माणसाला, फार जुने स्थान आहे. आपल्या लहानपणीच्या गोष्टींतला पहिला नाव बांधणारा हजरत नूह. ते सुतार म्हणून ओळखले जात नव्हते. कोरड्या जमिनीवर नाव बांधत असताना येणारेजाणारे सरदार त्यांची थट्टा करत, हे कुरआनातल्या सूरह हूदमध्ये आले आहे. सूरह कमरमध्ये त्या नावेचे वर्णन दोनच शब्दांत आहे : 'अलवाह' आणि 'दुसुर'. अलवाह म्हणजे फळ्या. दुसुर या शब्दाचा अर्थ बहुतेक भाष्यकारांनी खिळे असा केला. पण अरबी कोशकारांनी त्याचा आणखी एक अर्थ नोंदवला आहे. जहाजाच्या फळ्या ज्याने बांधतात तो खजुराच्या तंतूंचा दोर. म्हणजे त्या कोशकारांच्या डोळ्यांसमोर दोरीने बांधलेली जहाजे रोज उभी होती. त्यांना खिळ्याइतकीच दोरीही ओळखीची होती.

हे लक्षात ठेवू या, कारण या दोरीकडे परत यायचे आहे. त्याआधी नाशिक.

डोंगरातली नाव

नाशिकला समुद्र नाही. आमच्याकडे गोदावरी आहे, गंगापूर धरणाचा जलाशय आहे आणि त्यावर बोट क्लब आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ सैन्यात जाऊन वल्हवायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरला, हा आमचा अलीकडचा अभिमान. पण नावेची नाशिकमधली सगळ्यात जुनी नोंद पाण्याजवळ नाही. ती डोंगरात आहे.

शहराच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो, पण पांडवांशी त्याचा संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची लेणी. त्यातल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. उषवदात म्हणजे ऋषभदत्त, दीनिकाचा मुलगा, क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. हे लोक शक. मध्य आशियातून आलेल्या टोळ्यांचे वंशज. आजच्या भाषेत परदेशी.

या लेखात उषवदाताने आपली दाने सांगितली आहेत. भरुच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी धर्मशाळा, विहिरी, तळी, बागा. यातले गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे गाव. मग नद्यांची यादी येते : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या सहा नद्यांवर त्याने नावांची मोफत ये-जा सुरू केली. लेखातला शब्द आहे 'पुण्यतर', म्हणजे पैसे न घेता पार करणे. शिवाय या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसण्यासाठी सभा आणि पिण्याच्या पाण्यासाठी प्रपा.

या यादीत आपण थोडे थांबले पाहिजे. दमण म्हणजे दमणगंगा. ती आमच्या जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि सह्याद्री उतरून पश्चिमेला समुद्राला मिळते. पारादा म्हणजे पार, तिचाही उगम नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांत. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. म्हणजे नाशिकहून कोकणपट्टीत उतरणाऱ्या, भरुच आणि सोपाऱ्याला जोडणाऱ्या वाटेवर जी पाणी आडवी येत होती, त्यांच्यावर या नावा होत्या. व्यापारी, भिक्षू, बैल विकायला निघालेला शेतकरी, माहेरी चाललेली बाई, सगळ्यांना पावसाळ्यानंतर फुगलेल्या त्या नद्या ओलांडायच्याच होत्या. नदीवर नाव ठेवणाऱ्याच्या हातात माणसाची गरज असते. नडलेला माणूस मागेल ते देतो. म्हणूनच नावेचा पैसा हा जगभर राज्यकर्त्यांच्या उत्पन्नाचा सोपा मार्ग होता. तो सोडून देणे हे दान होते.

लेखातले शब्द अजून मेलेले नाहीत. कोकणात खाडी ओलांडायच्या नावेला आजही 'तर' म्हणतात. 'तरीने पलीकडे गेलो' असे म्हणणारा माणूस नकळत उषवदाताचाच शब्द वापरतो. 'प्रपा' आपल्या 'पाणपोई'तल्या 'पोई'त उरली आहे. आणि ज्याने मोहरममध्ये सबील लावली आहे, त्याला नदीकाठच्या प्रपेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

याच लेण्यातला दुसरा लेख त्याहून बोलका आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, फक्त त्याचे उत्पन्न वापरायचे. याला 'अक्षयनीवी' म्हणत. व्याजाची गोष्ट बाजूला ठेवली तर ही रचना आपल्या ओळखीची आहे. वक्फमध्येही मूळ मालमत्ता विकायची नसते, तिचे उत्पन्न लोकांच्या कामी लावायचे असते.

नहपानाची सत्ता पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने मोडली. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी नहपानाची आणि त्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला. राजे एकमेकांची नाणी पुसतात. पण लेण्यातला नावांचा लेख कुणी खोडला नाही. तो आजही तिथेच आहे.

आठशे वर्षांनी, त्याच किनाऱ्यावर

आता त्याच डहाणूकडे जाऊ. आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात समुद्रकाठी चिंचणी हे गाव आहे. तिथे 1955 साली खोदकाम करताना ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापले. त्यातला एक पट शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र मान्यखेटाहून राज्य करत होता, तेव्हाचा.

या पटात संयान मंडलाच्या अधिपतीची माहिती येते. संयान म्हणजे संजाण, आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात. पारशी समाज जिथे प्रथम उतरला, असे सांगतात तेच गाव. हे मंडल या माणसाला इंद्राचा आजा दुसरा कृष्ण याने दिले होते. पटात त्याचे नाव 'मधुमति' असे आहे, दुसरे नाव सुगतिप. वडिलांचे नाव सहियारहार. कुळ 'ताजिक'. त्या काळच्या संस्कृत लेखांत ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमति हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप आहे, असे सरकार यांनी दाखवून दिले.

म्हणजे दहाव्या शतकात, मुस्लिम सुलतान दख्खनमध्ये यायच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी, आपल्या किनाऱ्यावर एका हिंदू सम्राटाच्या वतीने मुहम्मद नावाचा एक माणूस कारभार करत होता. आणि पटात त्याचे कोणते काम नोंदवले आहे? त्याने दोन नद्यांवर मोफत नावा सुरू केल्या. आणि संयानमध्ये अन्नसत्र काढले. तिथे साळीचा भात, भाज्या आणि तूप पैसे न घेता वाढले जाई.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा उषवदाताची यादी काढून पाहिली. दाहनुका तिथेही आहे आणि चिंचणीचा पटही डहाणूच्याच परिसरातला. किनारा तोच, काम तेच. मधे आठशे वर्षे. एकाने बौद्ध भिक्षूंच्या लेण्यात ते कोरले, दुसऱ्याचे संस्कृत पटात आले. एक शक, दुसरा अरब. दोघेही ज्यांना आज सहज 'बाहेरचे' म्हटले जाईल असे.

पटाचा मूळ विषय तर याहून पुढचा आहे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संयानमध्ये देवीची मठिका बांधली होती. तिच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि भोजनासाठी सम्राटाच्या संमतीने एक गाव व काही जमीन देणारा हा पट. देणारा मधुमति. आजच्या वादविवादात या वाक्यासाठी जागा करणे दोन्ही बाजूंना जड जाईल. आपल्यातला एखादा म्हणेल, मुसलमानाने मठिकेला दान कसे दिले? समोरचा म्हणेल, मुसलमान असे करूच शकत नाही. पटाला दोघांचीही अडचण नाही. त्याच्या दृष्टीने हा त्या प्रदेशाचा कारभारी आहे आणि त्या प्रदेशातल्या माणसांची सोय करणे त्याचे काम आहे.

हा माणूस एकटा पडलेला अपवादही नव्हता. प्रवासी इतिहासकार अल्-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ. स. 916 च्या सुमारास, चौलला आला होता. अरब त्या गावाला सैमूर म्हणत. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांतल्या अनेकांचा जन्म इथलाच होता. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे आणि तो त्यांचे तंटे सोडवी. 'नंतर आलात' म्हणणाऱ्या मित्राला एवढेच सांगावेसे वाटते की नंतर म्हणजे केव्हा, हे आधी ठरवू या.

मधुमतिला संत करायचा माझा हेतू नाही. त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून तिथे आपली माणसे बसवली, हेही त्याच पटात आहे. उषवदातही युद्धाला जात होता. दोन्ही लेख सत्ताधाऱ्यांचे आहेत आणि आपली बाजू छान दिसावी अशा रीतीने लिहिलेले आहेत. नाव कोणी बांधली, वल्हे कोणी मारले, भर पावसात काठावर झोपडीत कोण थांबले, याचा दोन्हींत उल्लेख नाही. पण सत्ताधाऱ्याला कशाचा गौरव मिरवावासा वाटतो, यावरूनही काळ कळतो. त्या दोघांना नदीवर नाव ठेवल्याचा गौरव मिरवावासा वाटला.

दोरा कोणाचा?

आता त्या दोरीकडे येऊ.

शिवलेल्या जहाजात फळ्या कडेला कड लावून बसवतात. कडांवर ओळीने भोके पाडतात. सांध्यावर नारळाच्या तंतूंची जाड वात ठेवतात आणि भोकांतून काथ्याची दोरी आरपार ओढून ती वात घट्ट दाबून धरतात. भोके बुजवतात, वरून राळ आणि तेल. दोरी सैल पडली की पुन्हा शिवायचे. चौदाव्या शतकात इब्न बतूताने भारत आणि येमेनची जहाजे अशीच शिवलेली असल्याचे लिहून ठेवले. त्याचे कारणही दिले. खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले की फुटते, शिवलेले थोडे लवचीक असल्याने धक्का सोसते.

हे कौशल्य कोणाचे? अरबस्तानात लांब, सरळ लाकूड मिळत नव्हते. सागवान आणि ऐन मलबार किनाऱ्यावरून जात असे. काथ्या लक्षद्वीप आणि मालदीवमधून. मोसमी वारे सहा महिने एका बाजूने आणि सहा महिने दुसऱ्या बाजूने वाहत. जहाज आपल्याकडे शिवले की ओमानात, त्याचे लाकूड आणि दोर एकाच समुद्राचे होते.

1980 साली ब्रिटिश लेखक-खलाशी टिम सेव्हरिन यांनी ओमानमधील सूर गावी 'सोहार' नावाचे जहाज एकही खिळा न वापरता बांधून घेतले आणि ते त्यातून चीनच्या कँटनपर्यंत गेले. त्याचे लाकूड मलबारचे होते. काथ्या लक्षद्वीपचा होता. आणि तो शिवायला लक्षद्वीपचेच कारागीर ओमानला बोलावले होते, कारण ही शिवण येणारे हात तिथे उरले होते. लक्षद्वीपची जवळपास सगळी वस्ती मुसलमान आहे, हे वाचकांना माहीत आहेच. पुढे 2010 मध्ये ओमानने नवव्या शतकातल्या एका बुडालेल्या जहाजावरून 'ज्वेल ऑफ मस्कत' बांधले आणि ते शिडांवर सिंगापूरला पाठवले. तेही शिवलेलेच.

म्हणून कौंडिण्य मस्कतला पोचले तेव्हा ते परक्या ठिकाणी पोचले नाही. मस्कतमध्ये आजही एका चौकात सोहार उभे आहे. अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरलेले जहाज आणि सिंदबादच्या आठवणीने बांधलेले जहाज, दोन्ही एकाच टाक्याने शिवली आहेत.

मराठी भाषेने हे केव्हाच मान्य केले आहे. कोळीवाड्यातला 'नाखवा' फारसीतल्या नाखुदाचा, म्हणजे नावेच्या मालकाचा. 'बंदर' फारसी, 'दर्या' फारसी, 'मोसम' अरबी. आणि 'तर', 'नाव', 'शीड', 'वल्हे' इथलेच. आपल्या कोळ्याच्या एका वाक्यात हे सगळे शब्द शेजारी बसतात आणि कोण आधी आले, असे एकमेकांना विचारत नाहीत.

उत्तर

मित्राला मी शेवटी एवढेच लिहिले : 'समुद्र तुमचा, आमचा, दोघांचा. पण तुम्ही एकदा माझ्याबरोबर पांडवलेण्याला चला आणि मग चिंचणीला. मला तुम्हाला दोन नावा दाखवायच्या आहेत.' त्यांनी 'येत्या रविवारी' असे उत्तर दिले आहे.

आपल्या धर्मात सदका-ए-जारिया ही कल्पना आहे. माणूस गेल्यानंतरही ज्याचे पुण्य चालू राहते असे काम. विहीर, पाणपोई, झाड, पूल. उषवदाताला हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते आणि मधुमतिने पट करताना तो वापरलेला नाही. पण दोघांनीही पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या, खिशात काही नसलेल्या माणसाचा विचार केला. ज्याला पलीकडे न्यायचे आहे त्याची जात, धर्म, देश कोणता, अशी अट दोन्ही लेखांत नाही.

त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याने आज तोच मुंबईचा रस्ता जातो आणि घोटीला टोलनाका लागतो. तिथे रांगेत उभे असताना मला दर वेळी दहाव्या लेण्यातला तो शब्द आठवतो. पुण्यतर. आपण कोणाचे वंशज, या भांडणापेक्षा आपण कोणाला फुकट पार नेले, याचा हिशेब आपल्या दोघांकडेही कमी आहे. रविवारी लेण्याच्या पायऱ्या चढताना मित्राशी मला तेच बोलायचे आहे.